सीपॅपच्या मास्कची हवा डोळ्यात जाते, मास्क बदलावा का? (कोल्हापूर)

पंचगंगाकाठ
वडील ६४ वर्षांचे. झोपेत श्वास अडकतो म्हणून चार महिने ऑटो सीपॅप (मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन) लावतात. दाब ८ ते १४, मास्क एअरफिट एफ२०, म्हणजे नाक-तोंड दोन्ही झाकणारा, मीडियम. घोरणं बंद झालं, दुपारची पेंग गेली. पण रोज सकाळी उजवा डोळा लालभडक, चुरचुरतो, कोपऱ्यात दोरीसारखी चिपडं. वरचे पट्टे आवळून पाहिले. नाकाच्या दांड्यावर वळ उठतो, हवा मात्र येतेच. मशीन गळती २० ते २२ दाखवतं. दुकानदार म्हणतो २४ च्या आत आहे, काळजी नको.
नवा मास्क घ्यावा लागेल का? डोळ्यात काय घालावं? आणि कोल्हापुरात दाखवायचं कुणाला?

तांबडापांढरा
आधी त्या २४ चं बघू. रेसमेड कंपनीच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटर ही मर्यादा उपचारापुरती आहे. तेवढी हवा बाहेर गेली तरी मशीन दाब भरून काढतं, एवढाच तिचा अर्थ. डोळ्याचा तिच्याशी काही संबंध नाही. हनुवटीकडून वीस लिटर गेली तर डोळ्याला पत्ता लागत नाही, आणि नाकाच्या दांड्यावरून पाच लिटरची बारीक धार रात्रभर लागली तर डोळा सुकून जातो. शिवाय मशीनमध्ये मास्कचा प्रकार 'फुल फेस' निवडलेला आहे ना तेही बघा. मास्कच्या भोकांतून मुद्दाम सोडलेली हवा मशीन त्यावरूनच वजा करतं. तिथं 'पिलोज' (नाकपुड्यांशी बसणारा मास्क) राहिलं असेल तर आकडाच खोटा.

आता धार कुठून येते ते शोधा. बसवून नाही, उताणं झोपवून, रात्रीच्याच उशीवर. झोपल्यावर गालांचं मांस कानाकडे सरकतं, त्यामुळे खुर्चीत पक्का बसलेला मास्क गादीवर सुटतो. रॅम्प (सुरुवातीला दाब हळूहळू वाढवण्याची सोय) चालू असताना तर अजिबात तपासू नका. तेव्हा दाब कमी असतो, गळती होते ती पहाटे दाब १३ वर गेल्यावर. मेनूत 'रन मास्क फिट' आहे ते वापरा. टिश्यूपेपरची बोटभर लांब, बारीक पट्टी मास्कच्या कडेने फिरवा, फडफडली की जागा सापडली. मग कुशीवर वळवून पुन्हा तेच.

बसवताना चारही पट्टे सैल करा. हवा सुरू असताना मास्क चेहऱ्यापासून दोन बोटं पुढे ओढा, कुशन फुगू द्या, आणि अलगद परत टेकवा. आधी वरचे दोन पट्टे, दोन्हीकडून सारखे, नंतर खालचे. कुशनचा चेहऱ्याकडचा पदर पातळ असतो आणि तो हवेनं फुगूनच चिकटतो. करकचून आवळलं की त्याला सुरकुती पडते आणि सुरकुतीतून धार सुटते. तुमचा वळ तेच सांगतोय. अजून एक घोटाळा नेहमीचा: खालचे पट्टे जास्त ओढले की मास्क टेकू लागल्यासारखा कलतो आणि वरची कड उचलली जाते. वर गळतंय म्हणून वरचा पट्टा आवळायचा, आणि चूक खालच्या पट्ट्यात! जमलं की पट्ट्यावर पेनानं खूण करा, धुतल्यावर परत त्याच जागी येतो.

मास्कवरची बारीक भोकं म्हणजे गळती नव्हे. ती चिकटपट्टीनं बंद करू नका, सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो.

पंचगंगाकाठ
मास्कचा प्रकार बरोबर आहे. पट्टी उजवीकडे, नाकाच्या दांड्याशेजारी फडफडते. उजव्या कुशीवर जास्तच.

डोळस
एकच डोळा, तोही ज्या कुशीवर झोपतात त्याच बाजूचा. त्यामुळे सगळं खापर मास्कवर फोडू नका. श्वास अडकणाऱ्यांत वरची पापणी ढिली पडण्याचा प्रकार बराच दिसतो, याला फ्लॉपी आयलिड म्हणतात. झोपेत पापणी उशीला घासून उलटते, आतला भाग उघडा पडतो, आणि सकाळी लाली, चुरचुर, दोरीसारखी चिपडं. तुमचं वर्णन जुळतंय. डॉक्टर पापणी हलकेच वर ओढून बघतात, रबरासारखी सहज उलटली तर कळतं. घरी हा प्रयोग करू नका. वडील झोपल्यावर टॉर्च न मारता, मंद उजेडात एवढंच बघा की डोळा पूर्ण मिटतो की फट राहते. फट राहणाऱ्याला थोडी हवाही पुरते.

तिसरी शक्यता कमी लोकांना ठाऊक असते. अश्रू नाकात उतरतात ती नळी उलटीही चालते. नाकातल्या दाबानं हवा तिच्यातून वर चढते आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बुडबुडे येतात. नासूरचं ऑपरेशन झालेल्यांत हे जास्त. मास्क कितीही नीट बसवला तरी हे थांबत नाही, दाब आणि मास्कचा प्रकार यांचा विचार डॉक्टरांनाच करावा लागतो.

थेंबांचं: कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के, दिवसातून तीन-चारदा. त्याहून जास्त वेळा लागत असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं घ्या, नाहीतर तेच औषध डोळा खुपवतं. रात्री मास्क लावण्याआधी पंधरा मिनिटं जेल. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, जेल शेवटी. बाटली फोडल्याची तारीख लिहा, एक महिना झाला की फेका, अर्धी उरली तरी. मलम दिलं असेल तर ते पॅराफिनचं असतं, गालावर ओघळलं की कुशन निसटतं, म्हणून पापणीबाहेरचं पुसून मग मास्क.

लाली घालवणारे थेंब, दुकानातून आपल्याच मनानं घेतलेले स्टेरॉइडचे थेंब, गुलाबपाणी, मध, यातलं काहीही नको. स्टेरॉइडनं दोन दिवस बरं वाटतं आणि डोळ्याचा दाब वाढतो.

दाखवायचं तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेत्रविभाग आहे, राजारामपुरी-शाहूपुरीत खासगी नेत्रतज्ज्ञही भरपूर. "डोळा लाल होतो" एवढ्यावर थांबू नका. "सीपॅप लावतो, पापणीचा ढिलेपणा, रात्री डोळा मिटतो का, आणि काचबिंदू, तिन्ही बघा" असं सांगा. डोळा दुखला, उजेड सोसेना, नजर अंधूक झाली, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी गाठा. सकाळी उठल्यावर एका डोळ्याला, न दुखता, अचानक कमी दिसलं तर तासभरही थांबू नका.

कसबाबावडा
वडील रात्री कवळी काढतात का? आणि मास्कचं माप घेतलं तेव्हा ती तोंडात होती का?

पंचगंगाकाठ
वरची-खालची दोन्ही काढतात. माप दुकानात घेतलं, तेव्हा कवळी होती. हे कुणी विचारलंच नव्हतं.

कसबाबावडा
मग तिथंच पाणी मुरतंय. कवळी काढली की जबडा वर येतो, नाकापासून ओठाखालपर्यंतची उंची कमी होते, गाल आत जातात. दुकानातलं मीडियम रात्री मोठं पडतं. खालची कड हनुवटीवर नीट टेकवायला गेलं की वरची थेट डोळ्यांकडे सरकते. कंपनीचा मापाचा कागद मिळतो. घरी छापलात तर शंभर टक्के आकारातच छापा, 'फिट टू पेज' केलंत की माप चुकलं. कवळी काढून, तोंड किंचित उघडं ठेवून, दांड्यापासून खालच्या ओठाखालपर्यंत मोजा. डेंटिस्ट हो म्हणाले तर कवळी ठेवून झोपणं हाही मार्ग आहे, पण हिरड्यांना रात्री विश्रांती हवी म्हणून बहुतेक जण नको म्हणतात.

एफ२०ची चौकट सगळ्या मापांना एकच असते. आख्खा मास्क बदलायची गरज नाही, फक्त कुशन बदला. त्यानंही नाही भागलं तर नाकाखाली बसणारा एफ३० बघा. त्याची वरची कड दांड्यावर येतच नाही, त्यामुळे गळली तर गालाकडे किंवा ओठाकडे. नाकपुडीखाली लाल होऊ शकतं, तेवढं बघावं लागतं.

उद्यमनगरी
थांबा भावांनो. कुशन मागवण्याआधी एक प्रश्न. वडील कामाला कुठं होते?

पंचगंगाकाठ
आधी उद्यमनगरात लेथवर, नंतर शिरोलीत फौंड्रीत ग्राइंडिंगला. का बरं?

उद्यमनगरी
एफ२०च्या खालच्या पट्ट्यांच्या क्लिपमध्ये चुंबक असतात. एफ३०मध्येही. फिलिप्सनं २०२२ मध्ये आणि रेसमेडनं २०२३ मध्ये अशा मास्कबद्दल सूचना काढल्या: पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीची क्लिप वगैरे असेल तर चुंबकाचा मास्क नको. त्याच यादीत डोळ्यात राहिलेली धातूची कणीही आहे. लोक पेसमेकरपर्यंत वाचतात आणि पुढचं सोडतात. आपल्याकडं लेथ आणि ग्राइंडरवरच्या माणसाच्या डोळ्यात कणी जाणं म्हणजे रोजचीच गोष्ट. शेजारच्यानं रुमालाच्या टोकानं काढली की माणूस परत कामाला. निघाली की आत राहिली, कोण बघतंय?

डोळ्याच्या डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगा. वरवरची कणी ते बघूनच सांगतील, आत असल्याचा संशय आला तर एक्स-रे किंवा सीटी काढतील. शंका मिटेपर्यंत चुंबक नसलेला मास्क मागा. यादीत घरातले सगळे आले, बरं का: बाजूला झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तरी हेच.

मास्क बदलेपर्यंत मशीन बंद ठेवू नका. ज्यांनी लावून दिलं त्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा.

डोळस
उद्यमनगरींना अनुमोदन. आणि पुढे कधी एमआरआय सांगितला तर तिथंही ग्राइंडिंगच्या कामाचा उल्लेख आधी करायचा.

गुऱ्हाळ
किरकोळ पण कामाचं. कुशन रोज सकाळी कोमट पाण्यात, साध्या सौम्य साबणानं धुवा, सावलीत वाळवा. डेटॉल, स्पिरिट, गच्चीवरचं ऊन, तिन्ही सिलिकॉनचे वैरी. चेहऱ्याला खोबरेल लावून मास्क लावला तर घसरणारच, झोपण्याआधी तोंड धुवायचं. दाढीचे खुंट असतील तर तेही गळतीचं कारण.

ऊसतोडीच्या दिवसांत पाचट जाळतात तेव्हा मशीनची मागची जाळी दर आठवड्याला बघा, काळी पडते. पांढरी असेल तर धुवायची नाही, बदलायची.

ह्युमिडिफायर (मशीनमधली हवा ओलसर करणारी सोय) वाढवून डोळा ओला राहील असं समजू नका, धार तीच राहते. पंखा तोंडावर नको. नळी डोक्यावरून मागे घ्या, मच्छरदाणी गादीखाली खोचताना ती बाहेर ओढली गेली की मास्क कलतो. कुशीवर झोपणाऱ्यांनी मास्क उशीच्या काठाबाहेर राहील असं झोपावं.

आणि मशीन सेकंड हँड असेल तर फिलिप्सच्या जुन्या ड्रीमस्टेशनचा नंबर तपासा. आतला फोम झिजतो म्हणून २०२१ च्या जूनमध्ये ती परत मागवली होती. त्याचे कणही डोळ्याला आणि घशाला त्रास देतात.

पंचगंगाकाठ
मशीन नवीनच आहे, रेसमेडचं एअरसेन्स १०. कवळी काढून मोजलं, माप स्मॉल आलं! डॉक्टरांशी बोललो, ते चुंबकाविना मास्कची चिठ्ठी देतायत. डोळ्यांचं सोमवारी सकाळी सीपीआरला. दाब थोडा कमी केला तर तोवर चालेल का?

तांबडापांढरा
दाबाला आपण हात लावायचा नाही. तो कमी केला की गळती कमी दिसते आणि श्वास परत अडकायला लागतो. मशीनचं एसडी कार्ड डॉक्टरांकडे न्या. कॉम्प्युटरला लावण्याआधी कार्डाच्या बाजूची कळ लॉकवर सरकवा. गळतीचा आणि दाबाचा आलेख एकाखाली एक ठेवून बघायला सांगा. दाब चढताना गळती चढत असेल तर ते वरची मर्यादा ठरवतील. दाब स्थिर असताना मध्येच उसळी असेल तर तो उशीचा आणि कुशीचा मामला. नवा मास्क मागताना दुकानदाराला 'स्मॉल' एवढंच सांगू नका. दुसऱ्या मॉडेलची मापं वेगळी असतात, कवळी काढून तिथंच आडवं झोपवून बसवून घ्या.