स्वभाव, प्रकृती, पिंड, व्यक्तिमत्त्व: कुठे कोणता शब्द?

विचारणा

पालकांसाठीच्या एका छोट्या पुस्तिकेचं मराठीकरण करतेय. विषय मुलांचे स्वभाव. मूळ मजकुरात टेंपरामेंट, पर्सनॅलिटी, कॅरेक्टर, टाइप आणि ट्रेट हे पाच शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवलेत. माझ्या हातून मात्र सगळीकडे 'स्वभाव' नाहीतर 'व्यक्तिमत्त्व' पडतंय. प्रकृती, पिंड, वृत्ती हे शब्दही हाताशी आहेत, पण कोणता कुठे बसवू? शिवाय 'इंट्रोव्हर्ट'ला 'अंतर्मुख' लिहिलं, तर आईबाबांना नीट कळेल, की आपलं मूल ध्यानाला बसतं असं वाटेल? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, शेवटची शंका अगदी रास्त आहे. तिच्याकडे येतो, पण आधी टेंपरामेंट, कारण बाकीच्या शब्दांचा गुंता तिथूनच सुटतो.

लॅटिनमध्ये 'टेंपेरारे' म्हणजे योग्य प्रमाणात मिसळणं. ग्रीक वैद्यकाने शरीरात चार रस मानले: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पर्गमॉनच्या गॅलेनने या मिश्रणावर, ग्रीकमध्ये 'क्रासिस'वर, स्वतंत्र ग्रंथ लिहिला. उष्ण-शीत आणि कोरडं-ओलं यांच्या प्रमाणावरून त्याने नऊ मिश्रणं सांगितली: एक समतोल, चार एकाच गुणाचा जोर असलेली, चार दोन गुणांचा जोर असलेली. आज सगळ्यांना माहीत असलेली चार माणसं, म्हणजे रक्तप्रधान उत्साही, पित्तप्रधान तापट, कफप्रधान संथ आणि काळ्या पित्ताचा उदास, ही पुढच्या शतकांत पक्की होत गेली. त्या काळातली मांडणी शरीराची होती. मनाचा स्वभाव हा तिचा एक भाग.

नवव्या शतकात बगदादला हुनैन इब्न इस्हाक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलेन सिरियाक आणि अरबी भाषांत नेला. 'क्रासिस'साठी अरबीत शब्द रुळला 'मिजाज', आणि त्याचाही धातू मिसळणे याच अर्थाचा. तोच शब्द युनानी वैद्यकाबरोबर आणि फारसीबरोबर आपल्याकडे आला आणि त्याची 'मिजास' झाली. उर्दूत 'मिजाज कैसे हैं' म्हणजे क्षेमकुशल. मराठीत 'मिजास दाखवू नकोस' म्हणजे तोरा. चार रसांच्या मिश्रणातून आपण एकटा गर्व उचलला! त्याच घराण्यातली 'तबियत' मात्र 'तब्येत' होऊन निमूटपणे दवाखान्यात गेली.

आयुर्वेदातही पाया प्रमाणाचाच. वात, पित्त, कफ यांच्या कमीअधिक असण्यावरून सात प्रकृती: एकदोषज तीन, द्वंद्वज तीन आणि सम एक. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाचे, म्हणजे सत्त्वाचे, भेद वेगळे दिलेत: शुद्ध सात, राजस सहा, तामस तीन. ब्राह्म, आर्ष, ऐंद्र इथपासून पाशव, मात्स्य, वानस्पत्य इथपर्यंत सोळा नावं. पण यादी देण्याआधीच ग्रंथ सांगतो की 'तरतम'भावामुळे यातल्या प्रत्येकाचे भेद अगणित आहेत. म्हणजे सोळा नावं नमुन्यादाखल. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. आपलं 'तारतम्य' याच तर-तमातून आलंय. स्वभावाचं वर्णन करायचं तर 'कोणता' याच्या आधी 'किती' विचारायला हवं, आणि जुन्या तिन्ही परंपरांच्या शब्दांत ते 'किती' अंगभूतच होतं. पुढे लोकांनी 'कोणता' तेवढं ठेवलं.

आता तुमचे शब्द.

टेंपरामेंटला 'स्वभाव'च लिहा. जन्मजात, सहसा न बदलणारं, हा अर्थ त्यात आहेच. 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण काय सांगते? 'प्रकृती' शास्त्रदृष्ट्या अधिक जवळची, पण आज 'मुलाची प्रकृती नाजूक आहे' म्हटलं की पालक डॉक्टरांचा नंबर शोधतील. जुना अर्थ 'व्यक्ती तितक्या प्रकृती' या म्हणीत मात्र जिवंत आहे, आणि ती म्हण पुस्तिकेत जरूर वापरा.

'पिंड' मोठ्या माणसाचा असतो आणि कलेशी किंवा कामाशी जोडून येतो: 'तिचा पिंड संशोधकाचा.' तान्ह्या बाळाचा पिंड किरकिरा, असं कुणी म्हणत नाही. 'वृत्ती' बदलू शकते, एका माणसात दोनचारही असतात: खिलाडू वृत्ती, चिकित्सक वृत्ती. ती स्वभावापेक्षा वरच्या थरातली.

कॅरेक्टरला 'चारित्र्य', पण जपून. मराठीत चरित्र म्हणजे जीवनकथा आणि चारित्र्य म्हणजे सरळ नैतिक निवाडा. मुलांच्या पुस्तिकेत तो शब्द आला की वाचणारा दचकतो. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३७ साली हाच भेद केला होता: पर्सनॅलिटीला मूल्यमापन जोडलं की कॅरेक्टर होतं, आणि मूल्यमापन काढून घेतलं की कॅरेक्टरची पर्सनॅलिटी होते. म्हणून मानसशास्त्राने दुसरा शब्द धरला.

पर्सनॅलिटीला 'व्यक्तिमत्त्व', दोन त असलेलं. व्यक्तिमत् अधिक त्व, त्यामुळे एक त गाळला की शब्द मोडतो; पाट्यांवर आणि क्लासच्या जाहिरातींत तो सर्रास मोडलेला दिसतो. खरी अडचण अशी की मराठीत या शब्दाला कौतुकाचा रंग चढलाय. 'रुबाबदार व्यक्तिमत्त्व', 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिर'. जणू ते काहींना असतं, काहींना कमवावं लागतं. शास्त्रात ते प्रत्येकाला असतं, भित्र्यालाही आणि चिडक्यालाही. पहिल्याच पानावर हे एका वाक्यात सांगून टाका, मग शब्द निर्धास्त वापरा.

ट्रेटला 'स्वभावविशेष'. टाइपला 'प्रकार', आणि तो जितका कमी वापराल तितकं बरं.

दुसरा प्रतिसाद

वरच्या उत्तरातल्या शेवटच्या वाक्याशी असहमत. लोकांना प्रकारच हवे असतात आणि त्याचा उपयोगही होतो. आमच्या ऑफिसात मायर्स-ब्रिग्ज चाचणी, म्हणजे स्वभावाचा प्रकार चार अक्षरांत सांगणारी, घेतली होती. सोळापैकी आपण कोण हे कळल्यावर टीममधले दोघं पहिल्यांदा एकमेकांशी नीट बोलले. 'तू आधी लिहून पाठव, मग बोलू' हे समजून घ्यायला त्या अक्षरांनी मदत केली. त्यात वाईट काय?

पुन्हा पहिला प्रतिसाद

वाईट काही नाही. बोलायला निमित्त मिळालं ही चांगलीच गोष्ट, आणि ते निमित्त मी हिरावून घेणार नाही. पण अक्षरांमागे काय आहे ते पाहू.

कार्ल युंगने १९२१ साली मानसिक प्रकारांवरचा ग्रंथ लिहिला. मनाचा ओढा बाहेरच्या वस्तूंकडे की आतल्या विश्वाकडे, हा त्याचा मूळ भेद. त्याला त्याने विचार, भावना, संवेदना आणि अंतःप्रज्ञा अशी चार कार्यं जोडली. अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली रचली, तीच ही सोळा प्रकारांची चाचणी. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नव्हतं.

गोम आहे ती मधल्या रेषेत. समजा बहिर्मुखतेचे गुण शंभरपैकी आहेत आणि रेषा पन्नासावर. एकाला ४९, दुसऱ्याला ५१, तिसऱ्याला ९५. चाचणी पहिल्या दोघांना वेगळ्या डब्यांत टाकते आणि ५१ला ९५च्या शेजारी बसवते. प्रत्यक्षात बहुतेक माणसं मधल्या भागातच असतात, म्हणून थोड्या आठवड्यांनी तीच चाचणी दिली की अनेकांचं एखादं अक्षर पालटतं. माणूस तोच असतो, रेषेच्या अलीकडचा पलीकडे गेलेला असतो.

आणि वर्णन 'अगदी माझंच' वाटणं हा पुरावा नव्हे. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास तुझं' म्हणून एकच वर्णन दिलं. वाक्यं घेतली होती ज्योतिषाच्या एका पुस्तकातून. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. रविवारचं राशिभविष्य वाचताना आपणही हेच करतो.

शास्त्राची वाट मात्र शब्दकोशातून गेली, आणि इथल्या मंडळींनी हा भाग जरूर वाचावा. कल्पना साधी: माणसांतले जे फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचे, त्यांना भाषेने शब्द दिलेलेच असणार. फ्रान्सिस गॉल्टनने १८८४ साली इंग्रजी समानार्थी कोश चाळून स्वभावाचे हजारएक शब्द असावेत असा अंदाज केला. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी वेबस्टरच्या मोठ्या कोशातून १७,९५३ शब्द वेचले. रेमंड कॅटेलने ते गटांत आवळत आणले. १९६१ साली ट्यूप्स आणि क्रिस्टल या दोघांना अमेरिकन हवाई दलातल्या अभ्यासांत पाच घटक पुन्हापुन्हा सापडले, आणि पुढे तेच 'बिग फाइव्ह' म्हणून रूढ झाले: नवेपणाची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. हे पाच प्रकार नव्हेत, पाच मोजपट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस पाचही पट्ट्यांवर कुठेतरी असतोच. म्हणजे पुन्हा तरतमच.

दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड घेऊन कुणी असं पेन्सिलीने वेचत गेलं तर? गप्प माणसासाठीच बघा. घुमा मनात धरून बसतो. मुखदुर्बळाकडे सांगण्यासारखं असतं, पण तोंडातून निघत नाही. भिडस्ताला समोरच्याचा संकोच. त्याला 'नाही' म्हणता येत नाही. बुजऱ्याला अनोळखीपणाची भीती. बुजणं हा गुराढोरांकडून आलेला शब्द आहे. बैल बुजतो तसं मूल बुजतं. एकलकोंड्याला एकटं राहायला आवडतं, माणूसघाण्याला माणसंच नकोशी होतात. अबोल म्हणताना थोडी माया असते, मितभाषी म्हणताना आदर. आणि आतल्या गाठीचा? तो तर भरपूर बोलेलही, फक्त मनातलं सोडून. बाहेरून दिसणारी गोष्ट जवळपास एकच, पण मराठी दर वेळी गप्प राहण्याचं कारण वेगळं सांगते. हे वाचताना मला खरोखर आनंद होतो.

मूळ विचारणाऱ्या

वा, ही यादी उतरवून घेतली. मग 'अंतर्मुख' यात कुठे?

पहिला प्रतिसाद, पुढे

यात कुठेच नाही, म्हणून तर तो शब्द लागतो. युंगचा इंट्रोव्हर्ट लाजरा असेलच असं नाही. व्यासपीठावर तासभर उत्तम बोलेल, पण नंतर त्याला एकांत हवा. हान्स आयसेंकने १९६७ साली त्याची शारीरिक कारणमीमांसा मांडली: अशा माणसाचा मेंदू मुळातच अधिक जागा असतो, म्हणून गडबड-गोंगाट त्याला लवकर पुरे होतो. हे म्हणणं सगळ्या प्रयोगांत सारखं टिकलं नाही, पण भीती आणि अंतर्मुखता या दोन गोष्टी वेगळ्या, हे त्यामुळे ठसलं.

तुमची शंका खरी ठरते ती क्रियापदामुळे. मराठीत आपण 'अंतर्मुख होतो'. कीर्तन ऐकून होतो, एखादी बातमी वाचून होतो. म्हणजे ती अवस्था, आणि तीही चांगली. शास्त्रातला अंतर्मुख माणूस तसा 'होत' नाही, तो तसा 'असतो'. म्हणून 'अंतर्मुख स्वभावाचं मूल' असं पूर्ण लिहा, 'स्वभावाचं' गाळू नका. पहिल्यांदा येईल तिथे 'आपल्यातच रमणारं' हे शब्द शेजारी ठेवा. आणि त्याच परिच्छेदात 'बुजरं' वेगळं सांगा, कारण आजीपासून शिक्षकांपर्यंत सगळे ही दोन मुलं एकच समजतात. बुजऱ्याला धीर द्यावा लागतो, रमणाऱ्याला फक्त थोडा वेळ एकटं सोडावं लागतं.

मूळ विचारणाऱ्या

शेवटचं एक. पुस्तिकेत बाळांचे तीन गट आहेत: ईझी, डिफिकल्ट आणि स्लो टू वॉर्म अप. पहिल्याला 'गुणी', दुसऱ्याला 'त्रासदायक' लिहिलंय. तिसरं अडलंय.

पहिला प्रतिसाद, पुढे

हे अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याचं काम. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून त्यांनी मुलं तान्ही असल्यापासून त्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला आणि नऊ पट्ट्यांवर स्वभाव नोंदला: चळवळ, झोप-भुकेची नियमितता, नव्याशी जुळवून घेणं वगैरे. सुमारे ४० टक्के मुलं पहिल्या गटात, १० टक्के दुसऱ्या, १५ टक्के तिसऱ्या. उरलेली ३५ टक्के कुठल्याच गटात बसली नाहीत. हा आकडा मूळ पुस्तिकेत नसेल तर विचारून घाला, फार आईबाबांचा जीव भांड्यात पडेल.

तिसऱ्या गटाला आपल्याकडे तयार शब्द आहे: उशिरा माणसाळणारं. पहिल्याला 'गुणी' नको, कारण मग बाकीची मुलं अवगुणी ठरतात; 'सहज रुळणारं' लिहा. 'त्रासदायक' तर नकोच. 'किरकिरं' जवळचं वाटतं, पण त्यात फक्त रडणं येतं. या मुलाची झोपेची वेळ बसत नाही, भूक ठरलेली नाही, आनंद आणि राग दोन्ही मोठ्या आवाजात. 'अवघड' चालेल, पण थॉमस-चेस यांचा भर मुलावर नव्हता, मुलाच्या स्वभावाचा आणि घराच्या रीतीचा मेळ बसतो की नाही यावर होता. म्हणून मी 'मेळ बसायला वेळ लागणारं' असं लिहीन. लांब आहे, पण तक्त्यात दोन ओळींत मावतं. आणि तक्त्याच्या डोक्यावर 'मुलांचे प्रकार' असेल तर तेवढं खोडून 'मुलांचे स्वभाव' करा.