ओळख करून देण्याची विनंती ईमेलने कशी करावी?

प्रश्न
मी भोसरीतील एका कारखान्यात सहा वर्षे गुणवत्ता विभागात आहे आणि आता मला बॅटरी चाचणीच्या कामाकडे वळायचे आहे. महाविद्यालयातील माझ्या एका सरांचा चाकणच्या एका कंपनीतील चाचणी विभागप्रमुखांशी चांगला परिचय आहे. ‘कृपया माझी त्यांच्याशी ओळख करून द्यावी, बायोडेटा जोडला आहे’ एवढाच ईमेल मी सरांना पाठवला, त्याला तीन आठवडे झाले तरी उत्तर आलेले नाही. सर टाळाटाळ करणारे नाहीत. पुन्हा लिहावे का?

उत्तर १
अवश्य लिहा. तुम्ही कोण, नेमके त्यांच्याशीच का बोलायचे आहे आणि त्यांचा किती वेळ हवा आहे, हे सगळे शब्दांत मांडण्याचे काम तुमच्या ईमेलने सरांवरच टाकले. असा ईमेल माणूस सवडीने बघू म्हणून ठेवतो आणि तो तसाच राहून जातो. सरांना जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा वेगळा ईमेल लिहा :

‘सर, भोसरीत सहा वर्षे गुणवत्ता तपासणी केल्यानंतर मला बॅटरी चाचणी शिकायची आहे. त्यासाठी आधी कोणते प्रशिक्षण घ्यावे, हे चाचणी विभागप्रमुखांना वीस मिनिटे फोनवर विचारण्याची इच्छा आहे. नोकरीसाठी शब्द टाकावा, अशी ही विनंती नाही.’

उत्तर २
मला असे ईमेल नेहमी येतात, म्हणून सरांच्या बाजूने सांगतो. ‘आधी त्यांना विचारून पाहावे, आणि अवघड वाटल्यास निःसंकोच नाही म्हणावे’ हे वाक्य जरूर घाला. मी एकदा समोरच्याला न विचारताच दोघांना एका ईमेलमध्ये जोडले होते. त्यांना ते आवडले नाही आणि माझा जुना स्नेह दुरावला.

उत्तर ३
सरांशी फारसा संपर्क नाही म्हणून संकोच वाटत असेल, तर तो सोडा. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात, बोस्टनजवळच्या एका उपनगरातील ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली होती त्यांतील बहुतेकांची ती ओळख क्वचित किंवा अधूनमधूनच भेटणाऱ्या व्यक्तीशी होती, असे आढळते. कारण जवळच्या मंडळींना ठाऊक असलेले बहुधा आपल्यालाही ठाऊक असते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आज रात्रीच नव्याने लिहितो. ओळख झाल्यावर पुढच्या पत्रव्यवहारात सरांनाही ठेवावे का?

उत्तर १
पहिल्या उत्तरात त्यांचे आभार मानून त्यांना बीसीसीमध्ये (इतरांना न दिसणाऱ्या प्रतीच्या रकान्यात) घ्या, म्हणजे पुढची वेळ ठरवण्याची देवाणघेवाण त्यांच्या इनबॉक्समध्ये येणार नाही. फोन झाला की काय बोलणे झाले ते सरांना मात्र दोन ओळींत कळवा.