मदत हवी आहे: रोज वापरता येईल अशी हॉट हॅचबॅक – टाइप आर, जीटीआय की जीआर यारिस?

वळणवाट

नमस्कार मंडळी. हॉट हॅचबॅक, म्हणजे जोरदार इंजिनची छोटी कौटुंबिक गाडी, घ्यायची आहे. नवी मिळाली तर नवी, नाहीतर दोन-तीन वर्षं वापरलेलीही चालेल. गरज अशी आहे: आठवड्याचे पाच दिवस ऑफिस, त्यातलं निम्मं अंतर थांबत-थांबत सरकणाऱ्या वाहतुकीत. घरात चार माणसं, दोन मुलं शाळकरी वयाची. अधूनमधून वळणांचा रस्ता, आणि वर्षातून दोन-तीन ट्रॅक डे (रेसिंग सर्किटवर स्वतःची गाडी पळवायचे दिवस). रस्ते सगळे गुळगुळीत नाहीत. मॅन्युअल आवडते, पण हट्ट नाही.

यादीत सध्या होंडा सिव्हिक टाइप आर (एफएल५ पिढी), फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय (८.५, म्हणजे आठव्या पिढीची सुधारित आवृत्ती), टोयोटा जीआर यारिस (२०२४ नंतरची) आणि वापरलेली ह्युंदाई आय३० एन आहेत.

प्रश्न असे:
१. फक्त पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत ३०० पीएसच्या (मेट्रिक हॉर्सपॉवर) वरची ताकद खरंच रस्त्यावर उतरते का?
२. प्रत्येक कंपनी ‘डिफरन्शियल लॉक’ म्हणते (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलवरचा लगाम). सगळे एकच आहेत का?
३. वापरलेली घेताना नेमकं काय बघायचं?

चौथागिअर

आधी घरच्यांचा विचार करू. जीआर यारिस तीन दारांची आहे, डिक्की १७४ लिटरची, आणि छत मागे उतरत गेल्यामुळे मागच्या सीटवर उंच मूल ताठ बसू शकत नाही. गाडी विलक्षण आहे: १.६ लिटर, तीन सिलिंडर, २८० पीएस, ३९० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर), वजन १३०० किलोच्या आत-बाहेर. पण चार माणसांची एकमेव गाडी म्हणून घेऊ नका. दोन वर्षांत मुलं आणखी वाढतील आणि गाडी विकावी लागेल. तेच इंजिन पाच दारांत हवं असेल तर जीआर कोरोला आहे, मात्र ती सगळ्या देशांत मिळत नाही.

आता डिफरन्शियल. हॉट हॅचबॅक निवडताना मी पीएसच्या आकड्याआधी हेच बघायला सांगेन. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क जातो, म्हणजे कमी पकड असलेलं चाक जेवढा पेलेल तेवढाच दुसऱ्याला मिळतो. वळणातून बाहेर पडताना आतलं चाक हलकं होतं, फिरू लागतं, आणि बाहेरच्या चाकाकडे पकड असूनही तिथे ताकद पोचत नाही. याला तीन उत्तरं आहेत.

पहिलं, ब्रेकचं. आतलं चाक फिरू लागलं की संगणक त्याचा ब्रेक हलकेच लावतो. स्वस्त पडतं, रस्त्यावर छान चालतं. ट्रॅकवर मात्र तेच ब्रेक सतत तापतात, पॅड लवकर संपतात, आणि इंजिनची थोडी ताकद उष्णतेत जाते. माहितीपत्रकात फक्त ‘टॉर्क व्हेक्टरिंग’ लिहिलं असेल तर बहुतेक वेळा हेच असतं. दुकानदाराला स्पष्ट विचारा.

दुसरं, हेलिकल गिअरचं यांत्रिक एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एका चाकाला मोकाट फिरू न देणारं). टाइप आरमध्ये हे आहे. गिअरच्या दातांमधल्या घर्षणातून जास्त पकड असलेल्या चाकाकडे टॉर्क आपोआप वळतो. क्लच प्लेट नसल्याने झीज नगण्य. मर्यादा एकच: एक चाक पूर्ण हवेत गेलं की ते साध्या डिफरन्शियलसारखं वागतं, कारण ते कमी पकडीच्या चाकावरच्या टॉर्कच्या ठराविक पटच दुसऱ्याला देतं, आणि शून्याची कितीही पट केली तरी शून्यच. म्हणून त्याच्या जोडीला थोडी ब्रेकची मदत ठेवलेली असते.

तिसरं, इलेक्ट्रॉनिक क्लचचं. जीटीआय आणि परफॉर्मन्स पॅकची आय३० एन या गटातल्या. प्लेट क्लच संगणकाच्या हुकमाने दाबला जातो, त्यामुळे लॉक किती लागेल हे मोडप्रमाणे बदलतं. हायवेवर मोकळं, वळणात घट्ट. सतत ट्रॅकवर पळवलं तर त्याचं तेल तापतं, हे लक्षात ठेवा.

स्पॅनर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: उतरते, पण त्यासाठी पुढच्या सस्पेन्शनची रचना तशी हवी. ताकद दिली की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, त्या टॉर्क स्टिअरचं एक मोठं कारण म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष आणि चाकाचा मध्य यांच्यातलं आडवं अंतर. साध्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र धरणारा खांब) पूर्ण स्ट्रटच चाकाबरोबर वळतो, म्हणून ते अंतर फार कमी करता येत नाही. टाइप आरमध्ये वळणारा नकल (चाक धरणारा भाग) स्ट्रटपासून वेगळा केलाय, त्याला ड्युअल अॅक्सिस म्हणतात. अक्ष चाकाच्या मध्याजवळ येतो आणि ओढ बरीच घटते. म्हणून ३२९ पीएस आणि ४२० न्यूटन-मीटर पुढच्या दोन चाकांवर असूनही ती सरळ धावते.

हे कोरड्या रस्त्याचं झालं. ओल्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पुढची चाकं फिरणारच, तिथे चारचाकी ड्राइव्हला पर्याय नाही. वर्षातले बरेच महिने ओले रस्ते असतील तर गोल्फ आर यादीत घ्या. ८.५ मध्ये ३३३ पीएस आहे, आणि मागच्या अॅक्सलवर दोन क्लच आहेत, त्यामुळे मागच्या डाव्या-उजव्या चाकांत टॉर्क वाटता येतो. मर्सिडीज-एएमजी ए४५ एस (४२१ पीएस, ५०० न्यूटन-मीटर) आणि पाच सिलिंडरची ऑडी आरएस३ त्याच्या वरच्या पायरीवर. टायर, ब्रेक, विमा सगळंच तिथे वरच्या पायरीचं लागतं. तुमच्या वापराला त्या दोन्ही जास्त होतील असं माझं मत.

वळणवाट

खूप उपयोगी, मनापासून आभार. जीआर यारिस यादीतून काढतो, मनाला लागतंय पण पटलं. टाइप आरला १९ इंची चाकं आहेत आणि आमच्याकडे खड्डे आहेत. ही गाडी रोज चालवणं जमेल का? आणि जीटीआयचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गर्दीत टिकतो का?

तेलपाणी

चाकाच्या इंचांपेक्षा टायरच्या भिंतीची उंची काढा. रुंदी गुणिले प्रोफाइलची टक्केवारी. टाइप आरचा टायर २६५/३० आर१९, म्हणजे साधारण ८० मिलिमीटर. जीटीआयवर २२५/४० आर१८ असेल तर ९० मिलिमीटर, २३५/३५ आर१९ घेतलात तर ८२. वरचे आठ-दहा मिलिमीटर किरकोळ वाटतात, पण खड्ड्याची कड टायर दाबून रिमपर्यंत पोचते की नाही हे तेवढ्यावरच ठरतं. रिम वाकते, नाहीतर भिंतीतले धागे तुटून बाजूला फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. खराब रस्त्यांसाठी जीटीआयची १८ इंची चाकं हा शहाणपणाचा पर्याय आहे. १९ इंची फोटोत छान दिसतात, इतकंच.

सस्पेन्शनच्या बाबतीत मात्र टाइप आर वाटते तेवढी कडक नाही. कम्फर्ट मोडमध्ये डॅम्पर (शॉक अॅब्सॉर्बर) बऱ्यापैकी मवाळ होतात. शिवाय एफएल५ मध्ये इंडिव्हिज्युअल मोड आहे: इंजिन ‘+आर’वर (सर्वांत आक्रमक मोड), सस्पेन्शन कम्फर्टवर असं लावता येतं. खडबडीत वळणांच्या रस्त्यावर हेच वापरा. कडक सस्पेन्शनने चाक उसळतं आणि पकड कमी होते. गोल्फमध्ये बदलते डॅम्पर बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक असतात. घेणार असाल तर ते नक्की घ्या.

डीएसजी. जीटीआयमध्ये सात गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी येतो. छोट्या इंजिनांवरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीपेक्षा तो गर्दी बरीच जास्त सोसतो. तरी तीन सवयी लावा. पुढची गाडी हातभर सरकली की लगेच सरकू नका, थोडी जागा होऊ द्या आणि मग ब्रेक पूर्ण सोडून निघा. चढावर अॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका, ब्रेक लावा. आणि गिअरबॉक्सचं तेल व फिल्टर पुस्तकातल्या अंतराला बदला, गर्दीचा वापर असेल तर त्याआधीच. ८.५ जीटीआयमध्ये मॅन्युअल येतच नाही. मॅन्युअल हवी असेल तर त्याआधीची आठवी पिढी शोधावी लागेल, पण तिच्यात आवाज-तापमानाच्या टचपट्ट्यांना रात्री दिवा नाही आणि स्टिअरिंगवरची स्पर्शाची बटणं वळणात चुकून दाबली जातात. ८.५ मध्ये दोन्ही सुधारलं आहे.

चौथागिअर

टाइप आरबद्दल एक राहिलं: मागे दोनच सीट आहेत, पाचवा माणूस बसत नाही. तुम्ही चौघं आहात म्हणजे अडचण नाही, पण आजी-आजोबा कधी बरोबर येणार असतील तर आत्ताच विचार करा. डिक्की ४१० लिटरची, या गटात भरपूर.

कमीवजन

थोडा विरोधी सूर लावतो. सार्वजनिक रस्त्यावर ३०० पीएस पूर्ण वापरायला मिळत नाहीत. दुसऱ्या गिअरमध्येच वेगमर्यादा ओलांडली जाते. वापरलेली ह्युंदाई आय२० एन बघा: २०४ पीएस, ११९० किलो, सहा गिअरची मॅन्युअल, यांत्रिक एलएसडी, पाच दारं. फोर्ड फिएस्टा एसटी त्याच वर्गातली, फक्त क्वाइफ कंपनीचं एलएसडी बसवलेली आहे का ते पडताळा, कारण ते ऐच्छिक होतं. हलक्या गाडीचे पॅड आणि टायर ट्रॅकवर जास्त टिकतात, कारण ब्रेकला विझवावी लागणारी ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. सरळ पट्ट्याच्या शेवटी कमी वेग आणि कमी वजन, दोन्हींचा फायदा मिळतो.

इलेक्ट्रिकचाही विचार होऊ शकतो. अल्पाइन ए२९० (२२० पीएस, सुमारे १४८० किलो) शहरात फार गोड चालते. पण ट्रॅक डे असेल तर तिथे चार्जिंग आहे का हा पहिला प्रश्न.

स्पॅनर

कमीवजन यांचा मुद्दा रास्त आहे. फक्त शाळकरी मुलं आणि लांबचा प्रवास यांत आय२० एनची मागची सीट आणि आवाज दोन्ही त्रास देतील. म्हणून मी आय३० एनकडे झुकेन, ती २८० पीएस आणि ३९२ न्यूटन-मीटरची.

तिसरा प्रश्न, वापरलेली तपासणं. गाडी पूर्ण थंड असताना बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

क्लच: मॅन्युअल गाडी चौथ्या गिअरमध्ये, २००० आरपीएमवरून पूर्ण अॅक्सिलरेटर. आरपीएमचा काटा झटकन वर चढला आणि वेग तसा वाढला नाही तर क्लच घसरतोय. रिमॅप केलेल्या (सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या) गाडीत हे हमखास आधी दिसतं, कारण क्लच मूळ टॉर्कसाठी बनवलेला असतो.

रिमॅप: मालक नाही म्हणाला तरी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून ईसीयू (इंजिनचा संगणक) वाचून घ्या. फोक्सवॅगन गटात बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की गाडीच्या नोंदीत टीडी१ शेरा पडतो आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं. सॉफ्टवेअर पुन्हा मूळचं केलं तरी शेरा जात नाही.

ट्रॅकच्या खुणा: डिस्कवर निळसर झाक किंवा बारीक भेगा, टायरच्या बाहेरच्या खांद्यावर रबर गुठळ्या-गुठळ्यांनी निघालेलं, चाकाच्या कमानीत चिकटलेले रबराचे कण. ट्रॅकवर गेली म्हणून गाडी वाईट ठरत नाही. तेल आणि ब्रेक फ्लुइड वेळेवर बदलल्याच्या पावत्या मात्र हव्यातच. पावत्या नसतील तर सोडून द्या.

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आहेत का? चारचाकी ड्राइव्हच्या गाडीत हे फार महत्त्वाचं. पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक असला की मधला क्लच सरळ रस्त्यावरही सतत घसरत राहतो, तापतो आणि झिजतो. टायरचा आतला कडेचा भाग जास्त झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, किंवा खड्ड्यात आपटून सस्पेन्शनचा आर्म वाकला आहे. अलाइनमेंट यंत्राचा छापील कागद मागा.

तेलपाणी

इंजिनची दोन दुखणी सगळ्याच डायरेक्ट इंजेक्शन टर्बोंना लागू. एक, इनटेक व्हॉल्व्हवर काजळी. इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं, व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, तेलाची वाफ त्यांवर भाजून बसते. थंड इंजिन थरथरतं, मिसफायरचा कोड येतो. अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने ब्लास्टिंग करून साफ होतं. जीआर यारिसमध्ये पोर्टमध्येही (व्हॉल्व्हच्या आधीच्या वाटेत) इंजेक्टर असल्याने हा त्रास कमी.

दुसरं जास्त घातक. कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधले तेल-इंधनाचे थेंब ठिणगीआधीच पेटू शकतात. दाब इतका वाढतो की पिस्टनची रिंगजवळची कड तुटते. उपाय साधा: ओव्हरटेक करताना आधी गिअर खाली घ्या, मग दाबा. तेल पुस्तकातल्या ग्रेडचंच आणि एपीआय एसपी किंवा कंपनीच्या नव्या मानकाचं वापरा, या मानकात याच बिघाडाची चाचणी आहे.

छोट्या फेऱ्या जास्त असतील तर डिपस्टिकवरची पातळी बघत राहा. तेल वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला तर तेलात इंधन मिसळलं आहे, लगेच बदला.

वळणवाट

चित्र स्पष्ट झालं. आधी टाइप आर आणि १८ इंची चाकं व बदलते डॅम्पर असलेली जीटीआय एकाच दिवशी, एकाच खराब रस्त्यावर चालवून बघतो, घरच्यांना मागे बसवून. मिळाली तर चांगल्या नोंदींची आय३० एनसुद्धा. ट्रॅक डेआधी कमीत कमी काय करून घ्यावं?

स्पॅनर

ब्रेक फ्लुइड, कुठलीही गाडी घेतलीत तरी. डीओटी ४ दर्जाच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू मानकानुसार कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५ अंश. दोन वर्षं जुनं फ्लुइड दुसऱ्या बिंदूकडे सरकलेलं असतं, चार-पाच जोरदार फेऱ्यांत उकळतं आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. आदल्या आठवड्यात चारही चाकांचं ताजं भरून घ्या. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर तेही बदला, कारण पातळ पॅड उष्णता थेट फ्लुइडपर्यंत पोचवतो.

टायरची हवा थंडीत मोजा, दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा मोजा. साधारण ०.४ ते ०.५ बार वाढते. वाढलेली तेवढी काढा, आणि घरी निघताना न विसरता परत भरा. परत आल्यावर गाडी लगेच बंद करू नका. शेवटची फेरी ब्रेक न लावता शक्य तितकी हळू काढा, उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा. चाकांचे नट दिवसभरात एकदा टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्याला तपासा, चाकं थंड झाल्यावर.