नेपियरची उंच ठोंबं निवडून लावली तर उत्पन्न वाढतं का?

खानापूरकर:
नमस्कार मंडळी, दहा गुंठे नेपियर (चाऱ्याचं उंच गवत) आहे, दावणीला म्हशी हायत. प्लॉटात काही ठोंबं बाकीच्यांपेक्षा हातभर उंच येतात, दरवेळी त्यांच्याच कांड्या लावत गेलो तर काही वर्षांत आपलं जास्त उत्पन्नाचं वाण तयार होईल का? ज्वारीची चांगली कणसं बियाण्याला ठेवतात तसं. आणि याला तुरे येतात पण बी का धरत नाही?

चिक्कोडीचा शेतकरी:
दादा, ज्वारीत ते चालतं कारण झाडाझाडात फरक असतो. नेपियर आपण कांडीनं लावतो, म्हणजे अख्खा प्लॉट एकाच झाडाचे तुकडे. उंच ठोंब पाटाजवळ असेल नाहीतर तिथं शेणखत जास्त पडलं असेल, त्याची कांडी दुसरीकडं लावली की परत बाकीच्यांएवढंच. बी न धरण्याचं म्हणाल तर आपलं हे नेपियर म्हणजे हत्तीगवत न बाजरीचा संकर; हत्तीगवतात २८ गुणसूत्रं, बाजरीत १४, संकरात २१ येतात, त्यांच्या जोड्या जुळत नाहीत म्हणून वांझ. खरी निवड शास्त्रज्ञ आधीच करतात, वेगवेगळे आईबाप घेऊन भरपूर संकर करायचे, त्यातलं एक रोप निवडायचं न तेच कांडीनं वाढवायचं. कोइमतूरचं सीओ-४, राहुरीचं फुले जयवंत, आपल्या धारवाडचं डीएचएन-६ ही सगळी बाजरा-नेपियर संकरच.

निपाणी गोठा:
बरोबर. पण कृपा करून नुसत्या उंचीवर जाऊ नका! गहू-भात बुटका करून दाणा वाढवला, गवतात ती सोयच नाही, आपण अख्खं झाड कापून नेतो, म्हणून चाऱ्यात सुधारणा लई सावकाश होते. वाण घेताना पानं किती न दांडं किती ते बघा, दांडं गव्हाणीतच राहतं. ओल्या वजनात बहुतेक पाणीच असतं. पहिली कापणी झाली की पुढं ४५ दिवसांच्या आसपास कापत राहा, जून झालं की पचत नाही. आणि नेपियरमध्ये ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं, ते कॅल्शियम अडवतं, उसाच्या वाड्यातही तेच, तवा ऊसतोडीच्या सीझनला वाडं अधिक नेपियर असं एकटं घालू नका, चवळी नाहीतर लसूणघास मिसळा.

खानापूरकर:
धन्यवाद, आता कळलं. मग बांधावरच्या मारवेल गवतामध्ये निवड करता येईल काय?

चिक्कोडीचा शेतकरी:
हो, तिथं करा की. रानातलं मारवेल सगळं एकसारखं नसतं. पानाळ, लवकर फुटणारी ठोंबं वेगवेगळ्या बांधांवरनं आणा, एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर शेजारी-शेजारी लावा, एक उन्हाळा जाऊ द्या न मग कुठलं टिकतंय ते बघून त्याचीच ठोंबं वाढवा.