क्लोज्ड बॉक्स मॉडेलमध्ये कमी मेटॅलिसिटीचे तारे एवढे का येतायत?

धूमकेतू९९: एमएस्सी प्रोजेक्टला सूर्याच्या आसपासच्या भागाचं केमिकल इव्होल्यूशन पायथनमध्ये मॉडेल करतोय. एकदम साधं क्लोज्ड बॉक्स, सगळा गॅस सुरुवातीलाच आत, नंतर बाहेरून काही येत नाही की जात नाही. शेवटी गॅस उरायला हवा तेवढा उरतो, त्याची मेटॅलिसिटीही (हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यांचं प्रमाण) ठीक येते, पण हिस्टोग्राम काढला की जवळपास निम्मे तारे सूर्याच्या पाव मेटॅलिसिटीखाली, आणि खऱ्या डेटात असे दोनेक टक्केच! स्टार फॉर्मेशन रेट तिप्पट केला तरी तेच. बग आहे का?

रात्रपाळी: बग नाहीये, हा जी ड्वार्फ प्रॉब्लेम. व्हॅन डेन बर्ग आणि श्मिट यांनी १९६२-६३ मध्येच दाखवलाय. जी ड्वार्फ म्हणजे सूर्यासारखे तारे, ते एवढे जगतात की पहिल्या, कमी मेटॅलिसिटीच्या पिढीतलेही अजून शिल्लक असायला हवेत, आणि तेच सापडत नाहीत. रेट बदलून काही होणार नाही रे, क्लोज्ड बॉक्समध्ये मेटॅलिसिटी म्हणजे यील्ड (ताऱ्यांच्या एका पिढीतून किती नवी जड मूलद्रव्यं बनतात ते) गुणिले लॉग ऑफ एक भागिले गॅसचं प्रमाण, त्यात वेळ येतोच कुठे?

ताराबाई_पुणे: इनफॉल टाक. सुरुवातीला गॅस थोडा ठेव आणि बाकीचा हळूहळू येऊ दे, सूर्याजवळ साधारण ७ अब्ज वर्षांचा टाइमस्केल घेतात. मग कमी मेटॅलिसिटीच्या गॅसमधून मुळात तारेच थोडे बनतात, मेटॅलिसिटी पटकन यील्डच्या जवळ चढते आणि बहुतेक तारे तिथेच जन्मतात. लार्सनने १९७२ लाच हे मांडलंय.

धूमकेतू९९: पण असा गॅस खरंच येतो का, की उत्तर जमवायला केलेला जुगाड?

ताराबाई_पुणे: येतो, आणि नारायणगावजवळच्या आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवरूनच २०२० मध्ये चांगला पुरावा मिळालाय. ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या गॅलेक्सींमधला हायड्रोजन मोजला तर त्यांच्या स्टार फॉर्मेशनच्या वेगाने तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. म्हणजे नवीन गॅस पुरेसा आला नाही तर कारखाना बंदच.

रात्रपाळी: अजून एक, तुझ्या डेटातली मेटॅलिसिटी लोखंडावरून मोजलेली असणार. ऑक्सिजन मोठ्या ताऱ्यांच्या सुपरनोव्हातून काही कोटी वर्षांत येतो, पण बरंचसं लोखंड टाइप वन-ए सुपरनोव्हातून (श्वेत बटूंच्या स्फोटातून), आणि त्याला कधी कधी अब्जावधी वर्षं लागतात. इन्स्टंट रिसायकलिंग, म्हणजे बनलेली मूलद्रव्यं लगेच गॅसमध्ये परततात असं, ठेवलं असशील तर आधी ऑक्सिजनशी जुळवून बघ, लोखंडासाठी डिले टाइम वेगळा घालावा लागेल.