मदत हवी आहे: डोळ्याखाली सूज पुन्हा पुन्हा येतेय

मीनल_कांदिवली:
नवऱ्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज येते. अँटिबायोटिकचा कोर्स घेतला की उतरते, संपला की परत हजर. आता खालच्या पापणीखाली बारीक तोंड पडलंय, सकाळी उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग असतो. फॅमिली डॉक्टर नुसत्या गोळ्या बदलतात. कोणाला दाखवू? लवकर सांगा, त्याच्या रजा संपत आल्यात.

शिवडीकर:
आधी काही लागलं होतं का? ऑपरेशन?

मीनल_कांदिवली:
हो, बाईकचा अपघात, २०१७. गालाचं आणि डोळ्याखालचं हाड मोडलं होतं, आत प्लेट आहे. पण इतक्या वर्षांनी तिचा काय संबंध?

वनिता_दादर:
संबंध असू शकतो. माझ्या धाकट्या भावाचं अगदी असंच झालं. डोळ्याच्या खोबणीचा तळ कागदासारखा पातळ असतो आणि खाली लगेच गालातलं सायनस, म्हणजे हाडातली पोकळी. सायनस किंवा वरच्या दाढेतलं इन्फेक्शन तिथवर पोचतं. जंतू इम्प्लांटवर (आत बसवलेल्या प्लेटवर) चिकट थर धरून बसतात, गोळ्यांनी ते पुरते मरत नाहीत. म्हणून कोर्स संपला की पुन्हा तेच. भावाचं इम्प्लांट काढलं तेव्हा थांबलं. भोवती घट्ट आवरण तयार झालं होतं, त्यामुळे नवीन बसवावं लागलं नाही.

गवतीचहा:
काढायची घाई कशाला? त्रिफळ्याच्या पाण्याने डोळा धुवा, वर गरम शेक. आमच्या सासूबाईंची रांजणवाडी अशीच गेली.

वनिता_दादर:
अहो, ही रांजणवाडी नाही! तोंड पडून पू येतोय, त्यात घरचं पाणी घालू नका. दाबूनही काढू नका.

रेल्वेवाला:
टायटॅनियम असेल तर एमआरआय चालतो बरं का, ते चुंबकाला धरत नाही. उगाच घाबरतात लोक.

शिवडीकर:
एमआरआयचं कोणी विचारलंय? यात सहसा आधी सीटी करतात, डोळ्याची खोबण आणि सायनस दोन्हीचा. पू कल्चरला, म्हणजे कोणते जंतू आहेत ते तपासायला, पाठवायला सांगा. परळला केईएमला जा, डोळे, कान-नाक-घसा, प्लास्टिक सर्जरी एकाच आवारात आहे.

रेल्वेवाला:
सरकारी ओपीडीत अख्खा दिवस जातो. त्यापेक्षा खाजगी मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याचा) सर्जन गाठा.

शिवडीकर:
आणि तो डोळेवाल्याकडे पाठवणार, डोळेवाला नाकवाल्याकडे. प्रत्येकाची फी वेगळी, सीटी वेगळा.

वनिता_दादर:
भांडण नंतर. मीनलताई, शुगर आहे का त्यांना? दोन-दोन दिसतं? डोळा हलवताना दुखतो?

मीनल_कांदिवली:
शुगर आहे, गोळी चालू आहे. वर बघितलं की दोन दिसतात, पण ते अपघातापासून थोडं होतंच. कालपासून जास्त झालंय आणि दुखतंय पण. सांगायचं राहिलं.

वनिता_दादर:
मग ओपीडीचा विचार सोडा. आत्ताच कॅज्युअल्टीत न्या, जिथे डोळ्याचे डॉक्टर असतील तिथे. इन्फेक्शन खोबणीत आत गेलं तर नजरेला धोका असतो, शुगरमध्ये तर फारच. रंग फिके दिसतात का, ताप आहे का, डोळा पुढे आलाय का, सगळं तिथे सांगा. नाक जोरात शिंकरू देऊ नका. जुनं डिस्चार्ज कार्ड घ्या, इम्प्लांटचा नंबर त्यावर असेल.

गवतीचहा:
खरंच जा ताई. त्रिफळा राहू दे.

मीनल_कांदिवली:
निघतोय. कार्डावर एक छापील स्टिकर आहे, नंबरवाला. तोच का?

वनिता_दादर:
तोच, इम्प्लांटचा. फोटो काढून ठेवा, मूळ कार्ड कोणाकडे सोडू नका.