एक एन्कोडर, ७ टीव्ही: सव्वाचार मिनिटांत चित्र थिजतं, नाहीतर वाय-फाय बसतं

खाडीकाठ (मालवण):
वर लॉज, खाली भोजनगृह. मिळून ७ कमर्शियल डिस्प्ले. मिनी पीसीचं एचडीएमआय एच.२६४ एन्कोडरमध्ये (चित्राचा नेटवर्कवर जाणारा प्रवाह करणारी पेटी) जातं: १०८०पी, ८ एमबीपीएस, मल्टिकास्ट (एकच प्रवाह एकदम अनेकांना) पत्ता २३९.१०.१०.५. प्रत्येक टीव्हीमागे प्रवाहाचं पुन्हा चित्र करणारा डिकोडर, मध्ये २४ पोर्टांचा मॅनेज्ड स्विच. स्क्रीनवर थाळीचे दर, भरती-ओहोटी, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्यांची माहिती.
स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (ज्याने मागितला त्याच पोर्टला मल्टिकास्ट प्रवाह देणं) चालू केलं की साधारण सव्वाचार मिनिटांत सगळे टीव्ही थिजतात. बंद केलं की टीव्ही चालतात, पण पाहुण्यांचं वाय-फाय बसतं. एन्कोडर बदलावा का? शिवाय अंगणापलीकडच्या खोल्यांत आठवा टीव्ही लावायचाय. केबल १२० मीटर भरेल.

तांब्याची तार:
एन्कोडरला हात लावू नका. तुमच्याकडे क्वेरिअर नाही. डिकोडर सुरू होताना "मला हा प्रवाह हवा" असं स्विचला कळवतो. त्यानंतर "अजून हवाय का?" असं कुणीतरी ठरावीक वेळाने विचारत राहावं लागतं. ते काम क्वेरिअरचं. विचारणाच झाली नाही तर स्विच नोंद पुसतो. नेहमीची मुदत १२५ × २ + १० = २६० सेकंद, म्हणजे तुमची सव्वाचार मिनिटंच.

स्नूपिंग बंद असलं की स्विच तो प्रवाह सगळ्या पोर्टांवर ओततो, वाय-फाय देणाऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटवरही. हवेतून मल्टिकास्ट अगदी कमी वेगाने जातो, २.४ गिगाहर्ट्झवर बऱ्याचदा १ एमबीपीएसने. त्यात ८ एमबीपीएस मावणार कुठून?

टीव्ही आणि एन्कोडरसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवरचं स्वतंत्र नेटवर्क) करा. त्या व्हीलॅनला स्विचवर आयपी पत्ता द्या, मग क्वेरिअर चालू करा (आयजीएमपी आवृत्ती २), शेवटी स्नूपिंग. आयपी दिला नाही तर काही स्विच विचारणा पाठवतच नाहीत. दहा मिनिटं थांबून स्विचवर ग्रुपची यादी (कोणत्या पोर्टांनी प्रवाह मागितलाय) तपासा. पुढे दुसरा प्रवाह काढलात तर २३९.०.०.x पत्ता घेऊ नका. त्याचा मॅक पत्ता (स्विच जो पाहतो तो हार्डवेअर पत्ता) नेटवर्कच्या स्वतःच्या कामासाठी राखलेल्या २२४.०.०.x शी जुळतो आणि बरेच स्विच तो सगळीकडे सोडतात.

खाडीकाठ:
केलं. पाऊण तास झाला, टीव्ही आणि वाय-फाय दोन्ही ठीक. यादीत मात्र टीव्हींचे ६च पोर्ट दिसतात.

तांब्याची तार:
दोन टीव्हींना एक केबल नेऊन पुढे छोटा साधा स्विच लावलाय का? मग दोघांचा एकच पोर्ट दिसणार, ते बरोबर आहे. फक्त त्या छोट्या स्विचला अ‍ॅक्सेस पॉइंट जोडू नका. तो स्विच प्रवाह गाळत नाही, सगळीकडे पाठवतो.

खाडीकाठ:
हो, ओसरीवर आहे तसा.

वळवाचा पाऊस:
आठव्या टीव्हीसाठी तांब्याची केबल नको. पॅच कॉर्ड धरून मर्यादा १०० मीटर. सिंगल मोड फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी) किंवा स्विचमध्ये बसणारं एसएफपी मॉड्यूल. मे महिन्यातल्या विजांचा झटकाही मग केबलमधून दुसऱ्या इमारतीत पोचत नाही. फायबर बिनधातूची घ्या. आर्मर्डच (धातूचं कवच असलेली) मिळाली तर तिच्या धातूच्या आवरणाला अर्थिंग हवंच.

ओसरीवरचा स्विच खाऱ्या हवेत उघडा ठेवू नका, झाकणाच्या सीलबंद पेटीत बसवा. केबल पेटीत खालून न्या आणि आधी तिला झोळ द्या, पाणी तिथेच ठिबकतं. कॅट ६ पूर्ण तांब्याची आहे ना, तेही पाहा. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनिअमची तार टोकाला लवकर गंजते, आणि मग एखादाच टीव्ही अधूनमधून चौकोन दाखवू लागतो.